अब्बांचा कान

आम्ही दोघं बहीण-भाऊ कोइम्बतूरला गाडी शिकायला निघालो, तेव्हा अब्बांनी चहाचा कप खाली ठेवला. "तीस वर्षं ट्रक चालवून मी गाडी आवरायला शिकलो. तुम्ही पैसे भरून पळवायला शिकणार?" एवढंच म्हणाले. अम्मीने वाटेसाठी डबा भरून दिला, पण तीही गप्पच होती.

कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे हा शर्यतीचा ट्रॅक आहे. शर्यतपटू आणि गाड्या बांधणारे एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलेलं आहे. मारुती ८०० चं इंजिन बसवून त्यांनी शर्यतीच्या गाड्या घडवल्या. तिथे पहिल्या दिवशी आम्हाला पळवायला नव्हे, ब्रेक मारायलाच शिकवलं. दुसऱ्या दिवशी आलं 'हील अँड टो', म्हणजे टाच आणि चवडा.

वळणाआधी वेग उतरवायचा असतो आणि त्याच वेळी खालचा गिअरही घ्यायचा असतो. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचे मिनिटाला ३००० फेरे होत असतील, तर त्याच वेगाला दुसऱ्यात साधारण ४३०० लागतात. ते न जुळवता क्लच सोडला तर गाडीला हिसका बसतो, चाकं घसरू शकतात, आणि तेही नेमकं वळणाच्या तोंडाशी. म्हणून उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून धरायचा, डाव्याने क्लच दाबायचा आणि गिअर बदलता बदलता उजव्या पायाची बाहेरची कड किंवा टाच ॲक्सिलरेटरला क्षणभर लावायची. इंजिनचा आवाज चढला की क्लच सोडायचा. पेडल तीन आणि पाय दोन!

आम्हाला काही ते जमेना. टाच वळली की चवडाही हलायचा आणि ब्रेक कधी जास्त, कधी कमी लागायचा. एकदा तर गाडी गर्रकन फिरून गवतात जाऊन थांबली. शिक्षक रागावले नाहीत. "पायाकडे बघू नका, आवाज ऐका," एवढंच सांगितलं.

घरी परतल्यावर अब्बांनी विचारलं, "काय शिकलात?" आम्ही अंगणात उभ्या गाडीत बसून, इंजिन बंद ठेवून करून दाखवलं. अब्बा बघत राहिले, मग हसले. "हे तर आम्ही रोज करायचो. फक्त क्लच दोनदा दाबायचो."

त्यांच्या पहिल्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये फेरे आपोआप जुळत नसत. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. चुकलं की दात करकरायचे, आणि उतारावर चुकलं तर ट्रक न्यूट्रलमध्येच धावायला लागायचा.

"कशेडी घाटात एकदा माझा चुकला होता," अब्बा म्हणाले. पावसाळी रात्र होती, मागे पूर्ण माल आणि शेजारी झोपलेला क्लीनर. ब्रेक तापून मऊ पडले होते. त्यांनी ट्रक डोंगराच्या बाजूला घातला आणि तो मातीच्या ढिगात रुतला. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. "तुमच्या अम्मीला आजवर सांगितलं नाही. ज्या गिअरने घाट चढतो, त्याच गिअरने उतरायचं, हे मला ठाऊक होतं. तरी त्या रात्री घाई केली."

अम्मी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती काही न बोलता आत गेली आणि थोड्या वेळाने अब्बांसाठी चहा घेऊन आली. कप देताना तिचा हात थरथरत होता.

बाजाराच्या रस्त्यावर या कसरतीचं काही काम नाही. तिथे ब्रेक हलकाच लागतो, त्यामुळे ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा उंच राहतं आणि पाय नुसता वेडावाकडा होतो. म्हणून आम्ही रविवारी सकाळी, मालकाला विचारून, गावाबाहेरच्या रिकाम्या मैदानात सराव करतो. अब्बांचा गुडघा आता क्लच दाबू देत नाही. ते शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसतात. इंजिनचा आवाज कमी चढला की म्हणतात, "थोडं अजून." बरोबर जुळला की काहीच म्हणत नाहीत.

मागच्या रविवारी सलग चार वेळा ते काहीच म्हणाले नाहीत. आणि मागच्या सीटवर, डबा मांडीवर घेऊन, अम्मी बसली होती.