वाईच्या वाटेवर

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांस हिमालय, काश्मीर, नाहीं तर विलायत आठवावी, असा आजवरचा शिरस्ता आहे. आम्ही केलेला प्रवास मात्र पुण्याहून फार तर नव्वद किलोमीटरांच्या आंतला. आणि त्यांत जीं स्थळें पाहिलीं, तीं कोणत्याहि प्रवासपुस्तकांत सांपडावयाचीं नाहींत. गेल्या मार्गशीर्षांत आम्हां उभयतांस आमच्या आत्याबाईंसाठीं घर शोधावें लागलें, त्याची ही हकीकत आहे. ज्यांच्या घरीं हा प्रसंग येऊन गेला असेल, त्यांस ती ओळखीची वाटेल. ज्यांच्या घरीं आला नसेल, त्यांनीं ती वाचून ठेवावी, इतकीच विनंति.

आत्याबाईंचें वय आज एक्यायशीं. माहेर म्हणावें तर वाईची गंगापुरी. सासर त्यांस कधीं झालेंच नाहीं. पुण्यास मुलींच्या शाळेंत तीस वर्षें त्यांनीं संस्कृत शिकविलें, आणि आमचे वडील अकालीं गेल्यावर आमचीं शिक्षणें व आमच्या बहिणीचें लग्न हीं सारीं त्यांनींच पार पाडलीं. पांच वर्षांपूर्वीं त्यांचा दुधाचा हिशेब चुकूं लागला. मग एकच गोष्ट त्या घटकाभरांत चार वेळां सांगूं लागल्या. पुढें दुपारचें जेवण झाल्यावर अर्ध्या तासानें "आज पानें केव्हां मांडणार?" असें विचारूं लागल्या. आपल्यांत "साठी, बुद्धि नाठी" ही म्हण पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. त्यामुळें आम्हीहि ती वयाचीच खोड समजलों. तेथेंच दोन वर्षें वांया गेलीं.

स्मृतिभ्रंश हा वयाचा गुण नव्हे, तो मेंदूचा रोग आहे. त्याच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराचें पहिलें वर्णन आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं केलें. नव्या आठवणी सांठविण्याचें काम मेंदूचा जो भाग करतो, त्यावर या रोगाचा घाला प्रथम पडतो. म्हणून सकाळचें जेवण आठवत नाहीं, आणि सत्तर वर्षांपूर्वींची शाळा मात्र लख्ख आठवते. औषधांनीं कांहीं काळ लक्षणें सौम्य होतात, रोग मागें फिरत नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अंदाजाप्रमाणें आपल्या देशांत साठीपुढील दर शंभर माणसांत सातांहून अधिक माणसांस हा विकार आहे. ही संख्या सुमारें अठ्ठ्यायशीं लाख भरते. म्हणजे आपल्या आळींतहि अशीं एक-दोन घरें असावयाचींच. दार लोटलेलें असल्यामुळें तीं आपल्यास ठाऊक नसतात, एवढेंच.

आमचेंहि दार लोटलेलेंच होतें. परंतु आश्विनांत एके पहाटे आत्याबाई तें उघडून निघाल्या. दोन तासांच्या शोधानंतर त्या स्वारगेटच्या बसस्थानकावर सांपडल्या. पायांत वहाण नाहीं, आणि हातांत देव्हाऱ्यांतली घंटा. एका वाहकानें त्यांस बांकावर बसवून चहा पाजला होता. "वाईची गाडी कधीं लागते, म्हणून आजी विचारत होत्या," असें तो म्हणाला. त्या दिवसापासून सौ. दाराला आडवें अंथरूण घालून निजूं लागली. दीड महिन्यानें तिचाच रक्तदाब वाढला, तेव्हां डॉक्टरांनीं आम्हांस स्पष्ट शब्दांत विचारलें, "एका रुग्णाचे दोन करावयाचे आहेत काय?" ज्येष्ठांच्या पोषणाचा भार मुलांवर व वारस नातेवाइकांवर टाकणारा कायदा २००७ सालीं झाला, पण रात्रीं जागें कोणीं राहावयाचें, हें कोणत्याच कायद्यांत लिहिलेलें नाहीं.

पहिलें घर आम्हीं पाहिलें तें शहराच्या पश्चिमेस, महामार्गालगत. पांच मजल्यांची इमारत, संगमरवरी फरशी, दाराशीं हंसतमुख तरुणी, हातांत गुळगुळीत माहितीपत्रक. तळमजला पाहून आमचें समाधान झालें. "स्मृतिभ्रंशाचे रुग्ण कोठें असतात?" असें विचारतां, "तिसऱ्या मजल्यावर, पण पाहुणे आले कीं ते अस्वस्थ होतात," असें उत्तर मिळालें. सौ.नें आग्रह धरला म्हणून आम्हांस वर नेण्यांत आलें. वीस-बावीस वृद्ध माणसें दूरचित्रवाणीपुढें ओळीनें बसविलेलीं होतीं. पडद्यावर क्रिकेटचा सामना चालला होता. पाहात कोणीच नव्हतें. एका आजींच्या कमरेभोंवतीं चादर गुंडाळून तिची गांठ खुर्चीच्या पाठीमागें मारलेली होती. "पडूं नयेत म्हणून," असें सेविका म्हणाली. सौ.नें त्या आजींस पाणी दिलें, तों त्यांनीं तिचा हात धरला, तो कांहीं केल्या सोडीनात. जिना उतरतांना आम्ही एकमेकांशीं एक शब्दहि बोललों नाहीं.

दुसरें घर वाईजवळ होतें. खरें सांगावयाचें तर तें आम्हीं मनानें आधींच पसंत केलें होतें. जिचा ध्यास माणसानें घ्यावा, तीच भूमि त्यास शेवटीं लाभावी, यापरतें भाग्य कोणतें! म्हणून या खेपेस आत्याबाईंसहि बरोबर घेतलें. कात्रज मागें पडलें, नीरेचा पूल ओलांडला, शिरवळ गेलें, आणि खंबाटकीचा घाट चढतांना त्या खिडकीशीं सरसावून बसल्या. सुरूरच्या फाट्यावरून गाडी उजवीकडे वळली. दुतर्फा वडांची सांवली, उंसाचे हिरवे पट्टे आणि समोर पांडवगड! आमचा ऊर भरून आला. आत्याबाई मात्र पिशवीचे बंद सोडण्यांत व बांधण्यांत गुंग होत्या.

तें घर रम्य होतें, यांत संशय नाहीं. आंब्याची बाग, दूरवर कृष्णेचें पात्र, ओटीवर गप्पा मारीत बसलेलीं आजोबा-आजींचीं कोंडाळीं. व्यवस्थापक सरळ मनाचे गृहस्थ होते. तीस माणसांमागें रात्रीं एकच सेवक असतो, मोठें रुग्णालय गांठावयाचें तर साताऱ्यास जावें लागतें, आणि रोग वाढून माणूस गिळूं शकेनासा किंवा ओळखेनासा झाला कीं त्यास परत न्यावें लागेल, हें सारें त्यांनीं न विचारतां सांगितलें. तरीहि आमचें मन मागें हटेना. "वाई आहे ना," एवढ्या एका शब्दावर आम्ही सर्व उणिवा झांकीत होतों.

परततांना आत्याबाईंस घाटावर नेलें. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलेली आहे. ती पाहतांच त्या थांबल्या, आणि वर्गांत शिकवावें तशा खणखणीत आवाजांत म्हणाल्या, "पूर आला कीं पाणी या टोकावर फुटून दोहों बाजूंनीं निघून जातें, देवळास धक्का लागत नाहीं." आमच्या डोळ्यांत पाणी आलें. हीच ती आत्या, असें वाटलें. पायऱ्यांवर बसून त्यांनीं पाण्यांत पाय सोडले. पांच मिनिटें गेलीं असतील नसतील. त्यांनीं पिशवी उचलली.

"अण्णा, उशीर झाला. घरीं जाऊं या." अण्णा म्हणजे आमचे वडील.

"आत्या, ही वाईच आहे. ही पाहा कृष्णा."

"वाई? छे, वाई लांब आहे अजून. आई वाट पाहात असेल."

गंगापुरींत जेथें त्यांचें घर होतें, तेथें आज सदनिका उभ्या आहेत. तेथेंहि नेलें. त्यांनीं वर पाहिलें, "कोणाचें घर हें?" म्हणून विचारलें, आणि उत्तराची वाट न पाहतां गाडींत येऊन बसल्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं ज्या गांवीं मराठी विश्वकोशाचें काम उभें केलें, सर्व विद्यांची जेथें अकारविल्हे नोंद झाली, त्या गांवांत आमच्या आत्याबाईंस आपलें एक घर सांपडेना. खंबाटकीच्या बोगद्यांत त्यांचा डोळा लागला. मग सौ. हलकेच म्हणाली, "वाईचा हट्ट त्यांचा नव्हता हो, आपला होता." त्यांस जें गांव हवें होतें, त्यांत त्यांची आई जिवंत होती. तेथें जाणारी गाडी स्वारगेटवरून सुटत नाहीं.

तेव्हां घर निवडावयाचें तें गांव पाहून नव्हे, असें ठरलें. आमच्या दारापासून तें किती लांब आहे आणि आंत माणसें कशीं वागतात, हें पाहावयाचें.

तिसरें घर खडकवासल्याच्या पलीकडे, सिंहगडाच्या पायथ्याकडे सांपडलें. बैठें कौलारू घर, अठरा माणसें, आणि एका खोलींत दोघी. पावसांत एक कोपरा गळतो, असें तेथील बाईंनीं आरंभींच सांगून टाकलें. नेदर्लंडमध्यें वेस्प येथें २००९ सालीं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीं एक वसाहतच उभारली गेली; तेथें किराणा दुकान आहे, उपाहारगृह आहे, सेविका गणवेशांत नसतात आणि माणसें मोकळीं हिंडतात, असें आम्हीं वाचलें होतें. येथें तसें वैभव कोठलें! पण आंगणांत एक पायवाट होती. ती कोठूनहि निघालें तरी वळून पुन्हां ओसरीशींच येत होती, त्यामुळें चालणाऱ्यास कोणी अडवीत नव्हतें. न्हाणीघराच्या दारावर बादलीचें मोठें चित्र होतें. स्वयंपाकघराशीं चार आजी मटार सोलीत होत्या. एक सोललेले दाणे पुन्हां सालींत टाकीत होती, आणि तिला कोणी टोकीत नव्हतें.

तेथें आम्हीं विचारलें थोडें, आम्हांस विचारण्यांत आलें फार. आत्याबाईंस हांक कोणत्या नांवानें मारतात? स्नान पहाटे कीं उशिरां? पूजेवांचून चहा घेतात काय? कशानें भितात? कोणतें काम हातीं दिलें तर रमतात? दीड तास हें चाललें. शेवटीं बाईंनीं आपण होऊन एक वही पुढें केली. वर्षभरांत कोण, कोठें, केव्हां पडलें आणि पुढें काय केलें, याची ती नोंद होती. पडल्याच्या नोंदी पाहून आमचा जीव तेथें बसला, हें ऐकून कोणी हंसेल. पण संगमरवरी घरांत "आमच्याकडे कोणी पडत नाहीं" असें आम्हीं ऐकलें होतें, आणि तेथेंच ती चादरीची गांठहि पाहिली होती.

ज्यांस पुढें शोध करावयाचा आहे, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. एकदां वेळ ठरवून जावें, आणि एकदां न सांगतां संध्याकाळीं जावें; या माणसांची तगमग दिवेलागणीस वाढते. न दाखविलेला मजला पाहावा. रात्रीं जागें कोण असतें, बांधून ठेवतात काय, झोंपेचें औषध कोणाच्या सांगण्यावरून देतात, आणि रोग वाढल्यावर ठेवून घेतात काय, हें स्पष्ट विचारावें. डॉक्टर, औषधें व रुग्णवाहिका मासिक रकमेंत धरलीं आहेत कीं निराळीं, हें लिहून घ्यावें.

पौषांत आत्याबाई तेथें गेल्या. नातेवाइकांत "आत्याला टाकली" अशी कुजबूज झाली, ती आम्हीं ऐकली. पहिले पंधरा दिवस संध्याकाळीं त्या रडत. त्या रात्रीं आमच्या घरींहि कोणास झोंप लागली नाहीं. दार मोकळें होतें, अंथरूण आडवें नव्हतें, आणि तरी सौ. दोन वेळां उठून कडी पाहून येई. आपण बरोबर केलें कीं नाहीं, याचें उत्तर आजहि आमच्यापाशीं पुरतें नाहीं. आम्ही दर बुधवारीं व रविवारीं जातों, इतकें मात्र चुकवीत नाहीं.

परवां गेलों तेव्हां त्यांच्या खोलींतल्या कोनाड्यांत देव्हाऱ्यांतली घंटा मांडलेली होती, आणि त्या एका तरुण सेविकेस समोर बसवून 'राम' शब्द चालवून घेत होत्या. मुलगी द्विवचनांत अडखळली, तशी तिच्या पाठीवर हलकी थाप बसली. आम्हांस पाहून त्यांनीं विचारलें, "वाईची गाडी कधीं लागते?" पूर्वीं आम्ही समजूत घालीत असूं, आतां बाईंनीं शिकविल्याप्रमाणें म्हणतों, "चहा घेतला कीं निघूं, आत्या." मग चहा येतो, आणि आम्ही तिघें ओसरीवर बसून तो घेतों.