नारायणचे पाच गुण

आमच्या बेळगावात फॉर्म्युला वनचं वेड असणारी मंडळी तशी मोजकीच. पण शर्यतीच्या रविवारी एकत्र जमलो की वाद हमखास रंगतो, आणि टायरचा विषय निघाला की गाडी २००५ च्या इंडियानापोलिसवर येऊन थांबतेच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९ जून २००५, अमेरिकन ग्रां प्री. शर्यतीआधीची फेरी मारायला २० गाड्या निघाल्या. फेरी संपता संपता मिशेलिनचे टायर लावलेल्या १४ गाड्या एकामागोमाग पिटमध्ये वळल्या, त्या पुन्हा बाहेर आल्याच नाहीत. उरल्या ब्रिजस्टोनवाल्या सहा : फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी यांच्या प्रत्येकी दोन. मायकल शूमाकर पहिला, बारिकेलो दुसरा, जॉर्डनचा मोंतेरो तिसरा आणि त्याचाच जोडीदार, आपला नारायण कार्तिकेयन, चौथा. त्याला पाच गुण मिळाले. पुढे करुण चंढोकही फॉर्म्युला वनमध्ये उतरला, पण त्याला गुण मिळाले नाहीत. म्हणजे भारतीय चालकांच्या खात्यात आजवर जमा आहेत ते एवढेच पाच.

"मामा, सहा जणांत चौथा आला, त्यात कसलं कौतुक?" असं माझा भाचा म्हणतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र त्या टायरमध्येच शोधावं लागतं.

त्या मोसमात नियमच असा होता की पात्रता फेरी आणि अख्खी शर्यत एकाच टायरच्या संचावर काढायची. पंक्चर झालं किंवा धोका दिसला तरच बदल. तीनच आठवडे आधी जर्मनीत रायकोनेन घासलेल्या टायरवर आघाडी टिकवत होता. शेवटच्या फेरीत त्या टायरच्या हादऱ्यांनी सस्पेन्शन तुटलं आणि हातातली शर्यत गेली. इंडियानापोलिसचं तेरावं वळण त्याहून कठीण. ते उजवीकडे वळणारं, कलतं आणि पूर्ण वेगात घ्यायचं. सगळा भार डाव्या मागच्या टायरवर येतो. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाकरचा तोच टायर गेला आणि गाडी भिंतीवर आदळली. मिशेलिनने फ्रान्सहून दुसरे टायर मागवले, तेही चालेनात. शेवटी कंपनीने लेखी कळवलं की त्या वळणावर वेग कमी केल्याशिवाय आमचे टायर सुरक्षित आहेत असं आम्ही म्हणू शकत नाही.

बहुतेक संघांनी त्या वळणाआधी अडथळा घालून वेग कमी करावा असं सुचवलं. नियामकांनी नकार दिला. योग्य टायर घेऊन आलेल्यांवर तो अन्याय ठरला असता, आणि न तपासलेल्या बदलाचा धोका वेगळाच. तुम्ही त्या वळणापुरते हळू चालवा, असं त्यांनी मिशेलिनवाल्यांना सुचवलं. ते संघांना मान्य झालं नाही. त्या रात्री टीव्हीवर आम्ही पाहत होतो : प्रेक्षक ओरडत होते, ट्रॅकवर बाटल्या फेकत होते. हजारो रुपयांचं तिकीट काढून आलेल्या माणसाने दुसरं काय करायचं?

ब्रिजस्टोनला ते वळण का जमलं? तिच्याच मालकीच्या फायरस्टोनचे टायर इंडियानापोलिस ५०० मध्ये धावत होते, तिथल्या पृष्ठभागाची ओळख घरातच होती. पण हीच ब्रिजस्टोन त्या वर्षी एरवी सपाटून मार खात होती. २००४ मध्ये १८ पैकी १५ शर्यती जिंकणाऱ्या फेरारीला २००५ मध्ये मिळालेला हा एकमेव विजय. इतर रविवारी मिशेलिनवाले पुढे गेले, तेव्हा ब्रिजस्टोनवाल्यांसाठी कोणी ट्रॅक बदलला नव्हता. म्हणून मी म्हणतो, हे पाच गुण फुकटचे नाहीत. टायर हा शर्यतीचाच भाग आहे. नारायणने ७३ फेऱ्यांच्या त्या शर्यतीत गाडी नीट शेवटपर्यंत नेली.

आणि तरीही मिशेलिनवाल्या चालकांना भित्रे म्हणणं मला पटत नाही. आपण चोर्ला घाट उतरायच्या आधी टायर पाहतो. टायरला फुगा आलेला दिसला तर स्टेपनी लावल्याशिवाय निघत नाही, आणि त्याला कोणी पळपुटेपणा म्हणत नाही. इथे तर वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास होता. आपला माल या वळणाला पुरा पडणार नाही, हे जगासमोर कबूल करायलाही धैर्य लागतं. चूक झाली ती आधी, टायर तयार करताना. मिशेलिनने नंतर प्रेक्षकांना तिकिटांचे पैसे परत केले, पुढच्या वर्षीच्या शर्यतीची २०,००० तिकिटंही विकत घेऊन दिली. २००६ मध्ये शर्यतीत टायर बदलण्याची मुभाही परत आली.

घरातल्या लहान मुलांना नारायणबद्दल सांगताना मी चौथा क्रमांक सांगतो, आणि गाड्या सहाच होत्या हेही सांगतो. एक गोष्ट लपवली तर दुसरीची किंमत कमी होते. पूर्ण हकीकत ऐकून मुलं पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा हाच : "मग त्या १४ जणांना काही झालं नाही ना?" नाही, कोणालाच काही झालं नाही. त्यांचे सगळे संघ दोन आठवड्यांनी फ्रान्समधल्या शर्यतीला हजर होते.