पडवीतलं इंजिन

कोल्हापूर

प्रिय सुनंदा,

तू तुरिनला आहेस, म्हणून हे सगळं तुलाच लिहायचं. तुझ्या त्या गावचं एक लेकरू सध्या आमच्या पडवीत सुटं होऊन पडलंय. अण्णांची प्रीमियर पद्मिनी आठवते ना, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली? तिचं इंजिन उतरवलंय. १९५३ साली फियाटनं काढलेल्या ११००-१०३ च्या घराण्यातलंच हे, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. तुमच्याकडे ती गाडी १९६९ मध्ये बंद झाली. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात मात्र २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत होती.

"डिझेल इंजिन बसव, नाहीतर भंगारात घाल," असं जो येतो तो सांगतो. मला ते अजिबात पटत नाही. या इंजिनात पान्यानं उघडत नाही असं काही नाही. दुरुस्त करता यावं म्हणूनच बांधलेली वस्तू आहे ही, आणि ती चालती ठेवायची तर आतलं काम चोख हवं. रंग त्यानंतर.

ब्लॉक उद्यमनगरात नेला. उसाच्या पंपांची ऑइल इंजिनं बनवता बनवता वाढलेला भाग तो, रीबोअरला दुसरीकडे कशाला जायचं? ब्लॉक बिडाचा, त्यामुळे कॉस्टिकच्या पाण्यात उकळून निघाला. हेड ॲल्युमिनियमचं, कॉस्टिक त्याला खाऊन टाकतं. ते मी घरीच डिझेल आणि ब्रशनं धुतलं.

सगळ्यात रमले ती व्हॉल्व्ह घासण्यात. कडेला पेस्टचा ठिपका लावायचा, दांडी तळहातांत धरून रवी फिरवतात तशी फिरवायची, मधूनच उचलून जागा बदलायची. आधी खरखर येते, मग आवाज मऊ होत जातो. पुसून बघितलं की सीटवर राखाडी, सलग कडं उमटलेलं दिसतं. कडं कुठं तुटलं असेल तर परत पेस्ट. सगळे व्हॉल्व्ह बसवल्यावर हेड उलटं ठेवलं, प्लग लावले आणि खळग्यांत डिझेल भरून रात्रभर सोडलं. सकाळी पोर्ट कोरडे! कुठंही पाझर नाही. काय आनंद झाला म्हणून सांगू!

मग रंग. इंजिन नंबर आणि गॅस्केटच्या जागा टेपनं झाकल्या. पेट्रोल पंप बसतो तिथल्या काळ्या मेणचटाखाली जुना राखाडी रंग सापडला, तोच जुळवून आणलाय. उष्णता सोसणारा, आणि अगदी पातळ दोनच हात. जाड थर इंजिन तापलं की पापुद्र्यानं सुटतो. चकचकीत लाल दे म्हणून पोरं मागं लागली होती, मी ऐकलं नाही. जे तिच्या अंगावर होतं तेच शोभतं.

आता तुझं काम. तिकडे जुन्या गाड्यांच्या सामानाचे बाजार भरतात ना, तिथं ११०० चं चांगलं हेड गॅस्केट बघ. मूळ बोअर ६८ मिलिमीटर, पण रीबोअरनं तो वाढलाय. गॅस्केटचं भोक नव्या बोअरपेक्षा मोठंच हवं, नाहीतर कड आत डोकावून जळते. जुन्याची कागदावर छाप काढून सोबत ठेवलीय, नवं माप तिथंच लिहिलंय. दुकानदारापुढं कागद पसर आणि भोकंन् भोकं ताडून घे.

तुझी,
वासंती