कांदेनवमीचा भाजलेला कांदा

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी म्हणतात, हे नव्या पिढीला ठाऊक असतेच असे नाही. दोन दिवसांनी आषाढी एकादशी, तेथून चातुर्मास. मग चार महिने कांदा वर्ज्य. म्हणून या नवमीला कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठे, कांद्याचे भरीत असा थाट करून त्याला निरोप द्यायचा. माझ्या सासूबाई नवमीनंतर थेट कार्तिकी एकादशीपर्यंत कांद्याला शिवत नसत. आम्ही उभयता चातुर्मास पाळत नाही, कांदेनवमी मात्र न चुकता पाळतो. हा सोयीस्कर धर्म पुष्कळ घरांत असावा.

त्यातून आम्ही नाशिकचे. यांचे बालपण निफाड तालुक्यात, कांद्याच्या चाळीच्या सावलीत गेलेले. लासलगावचा बाजार जवळ. घरात कांद्याचे भाव ही रोजची वार्ता असे. पोळ कांदा, रांगडा, उन्हाळ कांदा यांतला फरक हे डोळे मिटून, नुसत्या सालीच्या आवाजावरून सांगत. अशा माणसाच्या ताटातून मी गेल्या वर्षी कांद्याची भजी काढून घेतली.

कारण तसेच होते. वय ७४, मधुमेह १२ वर्षांचा. आणि गेल्या उन्हाळ्यात एचबीए१सी ८.८ आले. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी हिशेब सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी पथ्य पाळून तिला फसविता येत नाही. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइडची गोळी सुरू केली, पोळी-भात-बटाटा कमी करण्यास सांगितले, चालणे वाढविण्यास सांगितले. मी ३१ वर्षे शाळेत गणित शिकविले आहे. कर्बोदके ग्रॅममध्ये मोजता येतात हे कळल्यावर मला जणू नवा वर्गच मिळाला. वही आली, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आला. यांना काय वाटते, हा रकाना मात्र त्या वहीत नव्हता.

श्रावणातल्या एका सकाळी कपडे धुवायला काढताना यांच्या सदऱ्याच्या खिशात वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा सापडला. फिरायला जाण्याच्या वाटेवर भज्यांची गाडी आहे. मी तो कागद तसाच बाहेर नेला आणि नातीच्या देखत म्हणाले, “चोरून खायला तुम्ही काय लहान आहात?” हे काही बोलले नाहीत. कागद माझ्या हातून घेऊन नीट घडी घातली आणि केराच्या डब्यात टाकला. त्या घडीची आठवण आजही मला अस्वस्थ करते.

दुसऱ्या दिवशी मी जिद्दीला पेटले. मुलीने दिलेली छोटी विजेची भट्टी, ज्याला सारे ओटीजी म्हणतात, ती माळ्यावर धूळ खात होती. तिच्यात भजी भाजून पाहिली. खेकडा भजीला आपण पाणी घालीत नाही. उभ्या चिरलेल्या कांद्याला मीठ लावून ठेवले की त्याला पाणी सुटते आणि त्यातच बेसन कालवायचे. तेवढे यथासांग केले. पण उकळते तेल भज्याला चहूबाजूंनी एकदम कवेत घेते. भट्टीतली गरम हवा तितकी तत्पर नसते. पीठ कुरकुरीत होण्याआधीच वाळून गेले. यांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, “चांगलं आहे. दात कसे आहेत ते कळलं.”

मग मी पीठच सोडून दिले. १०० ग्रॅम बेसनात सुमारे ५८ ग्रॅम कर्बोदके, तेवढ्याच कच्च्या कांद्यात सुमारे ९ ग्रॅम, उरलेले बहुतेक पाणीच. तेव्हा कांदाच खायचा असेल तर त्याला पिठाचा अंगरखा कशाला? (बेसनाची उगीच बदनामी नको. मैद्यापेक्षा ते पुष्कळ बरे. गाडीवरच्या भज्यांत खरी अडचण पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाची आणि जोडीला येणाऱ्या पावाची.) कांद्याच्या जाड चकत्या भाजून, वर पनीर भुरभुरले, तर पदार्थ बरा जमला. हे दोनदा ‘छान’ म्हणाले. आणि येथे माझ्यातल्या गणिताच्या बाईंनी चूक केली.

जमलेला पदार्थ मी थेट दुपारच्या जेवणाच्या जागी मांडला. भाकरी नाही, भात नाही; भाजलेला कांदा, पनीर आणि काकडीची कोशिंबीर. वहीत बेरीज इतकी देखणी आली की मी ती सूनबाईला दाखविली. सकाळची गोळी मात्र नेहमीचीच दिलेली होती.

सायंकाळी पाचच्या सुमारास हे खुर्चीत बसलेले दिसले. कपाळावर घाम, हात गार, बोटांना कंप. चहा आणू का विचारले, तर चिडून काहीतरी असंबद्ध बोलले. ४६ वर्षांच्या संसारात हे माझ्यावर चिडले नाहीत असे नाही, पण तो स्वर यांचा नव्हता. बोटाला सुई टोचून यंत्रावर पाहिले: ५४. सत्तरच्या खाली साखर गेली की ती घसरली असे समजायचे, एवढे मला माहीत होते. पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, ७९. मग अर्धी भाकरी दुधात कुस्करून दिली. तोवर सूनबाईने डॉक्टरांना दूरध्वनी लावला होता.

त्या पंधरा मिनिटांत भिंतीवरच्या घड्याळाकडे मी जितक्या वेळा पाहिले, तितक्या वेळा परीक्षागृहातही कधी पाहिले नसेल.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रागावले नाहीत, याचेच मला जास्त वाईट वाटले. त्यांनी शांतपणे समजावले. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात पिष्ट पदार्थ असोत वा नसोत. आहारातली कर्बोदके एकाएकी कमी केली आणि गोळी तेवढीच ठेवली, तर इन्सुलिनचे काम रक्तात आधीपासून असलेल्या साखरेवर होते. इन्सुलिनची सुई घेणाऱ्यांनाही हाच धोका. ज्यांना केवळ मेटफॉर्मिन आहे त्यांना तो फार कमी. म्हणून ताटात मोठा बदल करायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचे, नंतर नव्हे. माझ्यासारख्या उत्साही शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: साखर घसरून माणूस बेशुद्ध झाला, तर त्याच्या तोंडात साखर, पाणी, काहीही घालू नये; श्वासनलिकेत जाते. तडक रुग्णालय गाठावे. यांची गोळी निम्म्यावर आली आणि दुपारची एक भाकरी ताटात परतली.

घरी येताना रिक्षात हे एवढेच म्हणाले, “अगं, माझ्या जेवणाचं एवढं चाललंय, तर एकदा मला विचारलं असतंस.”

विचारले नव्हते, हे खरेच होते. आजारी माणसाच्या काळजीत आपण त्याचे पथ्य ठरवितो, वेळा ठरवितो, आणि हळूहळू त्याच्या वतीने उत्तरेही देऊ लागतो. मी विचारले ते त्या रात्री. “मग कांदा कसा करू? तुम्ही सांगा.”

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “साल कशाला काढतेस?”

यांच्या लहानपणी रात्रीचा स्वयंपाक उरकला की आई चुलीच्या आरात चार कांदे सालीसकट पुरून ठेवी. वरची साल कोळसा होई, आतला कांदा लोण्यासारखा. राख झटकून, बुक्कीने फोडून, मीठ आणि शेंगदाण्याची चटणी लावून भाकरीबरोबर खायचा. भजी सणासुदीला, हा कांदा रोजचा. “भजी मला फार आवडतात असं सगळ्यांनीच ठरवून टाकलंय,” हे म्हणाले. आमच्या लग्नापासून मी ऐकलेले हे सर्वांत मोठे गुपित असावे.

आता आमच्याकडे होतो तो पदार्थ असा. दोन माणसांना दोन मध्यम कांदे, सुमारे १०० ग्रॅमचा एक. आषाढ-श्रावणात चाळीतला उन्हाळ कांदा मिळतो. तो घट्ट, कोरडा, बारीक मानेचा असावा. पोळ कांद्यात पाणी जास्त, तो भट्टीत बसकण मारतो. सालीखाली काळी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. तो पापुद्रा काढून कांदा धुवून पुसून घ्यावा, आणि आत मऊ पडलेला असेल तर सरळ टाकून द्यावा. साल न काढता कांदा आडवा कापून दोन वाट्या करायच्या. हातात जोर नसलेल्यांना हे सोयीचे. एकच काप, डोळ्यांना धारही कमी. कापलेल्या बाजूला अर्धा चमचा तेल बोटाने लावून, ती बाजू वर ठेवून, आधीच तापविलेल्या भट्टीत २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे. सुरी सहज आत गेली पाहिजे. मग वर सारण: ६० ग्रॅम पनीर कुस्करून, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे जाडसर कूट, चमचाभर तीळ, जिरे, चिमूटभर ओवा, एक हिरवी मिरची आणि कोथिंबीर. पुन्हा दहा मिनिटे, पनीर कडेला तांबूस होईपर्यंत. साल हीच वाटी. आतला गर चमच्याने खायचा. कवळी असणाऱ्यांनाही त्रास नाही. भट्टी नसेल तर जाड तव्यावर, कापलेली बाजू खाली ठेवून, वर झाकण घालून मंद आचेवर अर्धा तास; मग उलटून सारण घालायचे.

मीठ सारणात घालीत नाही, खाताना वरून चिमूटभर. रक्तदाब असणाऱ्यांनी पनीराऐवजी डब्यातले चीज घालण्याचा मोह टाळावा, त्यात मीठ भरपूर असते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पनीर-शेंगदाणे किती, हे आहारतज्ज्ञांनाच विचारावे. काहींना कांद्याने वायू धरतो. त्यांनी अर्ध्या वाटीवर थांबावे.

पहिल्यांदा हा कांदा खाल्ला तेव्हा मीच दचकले होते. “अहो, हा एवढा गोड कसा? साखर तर नाही ना वाढली?” कच्च्या कांद्याचा तिखटपणा त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा असतो आणि त्याखाली गोडी झाकलेली असते. भाजल्यावर तिखटपणा जातो, पाणी उडते, गोडी उघडी पडते. एका कांद्यातली साखर होती तेवढीच राहते. कांदा तेवढा आक्रसतो. म्हणून वजन करायचे ते भाजण्याआधीच. माझ्या वहीप्रमाणे सारणासह एका माणसाच्या वाट्याला सुमारे १२ ग्रॅम कर्बोदके येतात. ज्वारीच्या मध्यम भाकरीच्या साधारण तिसरा हिस्सा. शून्य नव्हेत. ‘कमी कर्बोदकांचा’ म्हणून चार-चार कांदे खाल्ले, तर त्याचा हिशेब यंत्र चोख देते.

आणि हा पदार्थ जेवणाआधीचा आहे, जेवणाऐवजीचा नाही. सायंकाळी चारनंतर यांना काहीतरी चमचमीत लागते, ती वेळ याची. आता साखरेचे आकडे यंत्रावरून हेच वहीत लिहितात. मार्चमधले एचबीए१सी ७.३ होते. त्यात कांद्याचा वाटा किती आणि सकाळच्या चालण्याचा किती, हे गणित मला सुटलेले नाही. डॉक्टर म्हणाले, सोडवूही नका.

यंदाच्या कांदेनवमीला सकाळपासून झड लागली होती. यांनी टोपलीतले कांदे एकेक कानाशी नेऊन सहा निवडले आणि कापले. सूनबाई बिचकत म्हणाली, “बाबा, तुमच्यासाठी चार भजी तळू का? सणाचा दिवस आहे.” तिने आधी माझ्याकडे पाहिले. मी भट्टीच्या काचेतून आत पाहत राहिले.

“दोन तळ,” हे म्हणाले, “आणि रात्रीची भाकरी अर्धी कर.”

दोन भजी आली. यांनी एक खाल्ले, दुसरे नातीच्या ताटात ठेवले. मग तिला हाताशी बसवून, सारण न घालता बाजूला ठेवलेला एक अख्खा भाजलेला कांदा पाटावर ठेवला आणि बुक्की कशी मारायची ते दाखविले. रस माझ्या नव्या पडद्यावर उडाला. डाग अजून निघालेला नाही.