खाडीतली बुरशी आणि बाबांचं इंजेक्शन

गेल्या पावसाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला. मिरजोळ्याहून रत्नागिरीत नेलं, सात दिवस रोज शिरेतून इंजेक्शन. बाटलीवर नाव होतं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. रात्री जागताना मोबाईलवर या औषधाचं मूळ शोधत बसलो. ते निघालं समुद्रकाठच्या गटाराच्या तोंडाशी!

साल १९४५. इटलीच्या सार्डिनिया बेटावरचं काल्यारी शहर. सांडपाणी समुद्रात पडतं तिथेच पोरं पोहतात, तरी टायफॉईड फारसा का होत नाही, असा प्रश्न प्राध्यापक जुझेप्पे ब्रोत्झू यांना पडला. त्या पाण्यातून त्यांनी एक बुरशी वेगळी केली. ती जंतू मारत होती. पुढे ती ऑक्सफर्डला गेली, तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी मिळालं आणि १९६४ मध्ये या घराण्यातलं पहिलं औषध बाजारात आलं. बाबांचं इंजेक्शन त्याच घराण्यातलं.

आता आपल्या खाडीकडे बघा. कांदळवनात पडलेलं लाकूड कुजतं ते बुरशीमुळे. खारं पाणी, भरती-ओहोटी आणि त्याच लाकडावर टपलेले शेकडो जिवाणू. या सगळ्यांत टिकायचं तर रसायनं तयार करावीच लागतात. औषध शोधणाऱ्यांना हवी असतात ती हीच. महाराष्ट्र किनाऱ्यावर कोणत्या समुद्री बुरशी किती वेळा आढळतात, यावर बी. डी. बोरसे यांनी १९८८ मध्येच शोधनिबंध लिहिलाय.

प्रत्येक बुरशीतून औषध निघत नाही, हे मान्य. हजारो तपासल्या तर एखादी कामाची. पण खाडीत भराव टाकल्यावर तपासायला उरणार काय?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाला समिती दिली, लोकजैवविविधता नोंदवही दिली. बाहेरच्याने गावच्या जीवसंपत्तीवर धंदा केला, तर लाभात वाटा मिळायची तरतूदही आहे. पण मध्यंतरी एका गावची नोंदवही चाळली. आंबा, काजू, फणस, पक्षी सगळं होतं. बुरशीचं पान कोरं! ज्याची नोंदच नाही, त्याचा वाटा मागणार कसा?

आपल्या मिरजोळ्यात एमआयडीसी आहे, शेजारी शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, भाट्याची खाडी लांब नाही. पुढच्या ग्रामसभेत मी एवढंच मागणार आहे: महाविद्यालयाला पत्र लिहूया, पोरांना घेऊन कांदळवनात एक दिवस जाऊया आणि ते पान भरायला सुरुवात करूया.

बाबा आता बरे आहेत. म्हणाले, "येतो मी पण, चिखलात उतरायला." तुम्ही येताय ना?