ऐंशी रुपये आणि एक वही



गेली सहा-सात वर्षं दुपारचं आवरून झालं की माझ्याकडे अधूनमधून मुलं-मुली येतात. कुणाला मसाले करून विकायचे असतात, कुणाला शिवणाच्या चार मशीन टाकायच्या असतात. "काकू, तुम्ही बी.कॉम. आहात ना, जरा बघून सांगा." मी बी.कॉम. झाले १९८१ साली. तेव्हा आपलं मंगरूळपीर अकोला जिल्ह्यात होतं आणि परीक्षा नागपूर विद्यापीठाची. निकाल लागला आणि लगेच लग्न ठरलं. जमा-नावे घरखर्चाच्या वहीत आलं आणि तिथेच राहिलं. पण त्या वहीची सवय आता या पोरांच्या कामाला येते आहे.

बहुतेक जण आल्या आल्या एकच विचारतात, "कर्ज कुठून मिळेल?" मी म्हणते, कर्जाचं नंतर बघू. आधी सांग, एक किलो माल करायला तुला किती पडतात?

आपल्याच समाजातली एक सून दोन वर्षांपूर्वी आली होती. वय पंचविशीच्या आसपास. नवऱ्याच्या दुकानाला उतरती कळा लागलेली, सासूबाईंच्या पाटल्या आधीच गहाण पडलेल्या. आणखी एक दागिना मोडून पापडाचं मशीन घ्यायचं, असं घरात चाललं होतं. हिचे उडदाचे पापड उत्तम, गावात नाव होतं. २४० रुपये किलोने विकत होती आणि मागणी भरपूर होती. तरी महिन्याच्या शेवटी हातात काही उरत नव्हतं. "काकू, मागणी एवढी आहे, मग पैसा जातो कुठे?"

आम्ही वही उघडली. डाळ, पापडखार, मिरी, हिंग, तेल मिळून किलोला १७० रुपये. पिशवी आणि लेबल १२. ऑटोचं भाडं ८. तुटफूट १०. झाले २००. म्हणजे किलोमागे ४० रुपये उरले. मग मी विचारलं, "एका किलोला वेळ किती लागतो?" पीठ कुटणं, लाट्या करणं, लाटणं, वाळवणं, मोजून भरणं धरून चार तास. ४० भागिले ४, म्हणजे तासाला १० रुपये. आठ तास राबली तर ८० रुपये! सोयाबीनच्या निंदणाला जाणारी बाईसुद्धा याहून कितीतरी जास्त मजुरी घेते. ती बराच वेळ आकड्याकडे बघत बसली. म्हणाली, "माझी मजुरी मी कधी धरलीच नाही."

मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणी धरतात? घरचं काम फुकटचं, ही सवय आपण धंद्यातही नेतो. अशा भावात मशीन आणलं असतं तर दागिना गेला असता आणि वर हप्ताही बसला असता.

पापडाचा विषय निघाला की मला लिज्जतची गोष्ट सांगावीशी वाटते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने, छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून घेतलेले. लोक त्यांना छगनबाप्पा म्हणत. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह. धंदा असा अडचणीतून वाट काढत वाढतो. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. आज हजारो बहिणी तिथे मजूर म्हणून नाही, तर मालकीण म्हणून पापड लाटतात.

मला त्यात छगनबाप्पांचं वागणं फार मोलाचं वाटतं. त्यांनी देणगी दिली नाही, उसने पैसे दिले. देणग्या घेऊ नका, हे धर्मादाय काम समजू नका, धंदा म्हणून चालवा, मालाचा दर्जा उतरू देऊ नका आणि हिशोब चोख ठेवा, हा त्यांचा आग्रह होता. तरुणांच्या पाठीशी उभं राहायचं ते असं. आपण दानशूर समाज आहोत. हात लगेच खिशाकडे जातो. पण दान घेणाऱ्याची मान जरा खाली जाते. उसने घेऊन फेडणाऱ्याची मान वर राहते.

तर आमच्या सुनेचं पुढे काय झालं? दागिना मोडायचा नाही, हे आधी ठरलं. भाव ३२० केला. आता किलोमागे १२० उरतात, म्हणजे तासाला ३०. किलोच्या जोडीला २०० ग्रॅमची पाकिटं सुरू केली, कारण छोट्या पाकिटाला गिऱ्हाईक पटकन हात घालतं. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. पहिले दोन महिने ती रोज घाबरून फोन करायची. मी एवढंच म्हणायची, "वही बघ, माझ्याकडे नको बघू." आता वाशीम आणि कारंज्याच्या दुकानांत तिचा माल जातो. फार मोठं काही झालेलं नाही. पण सासूबाईंच्या दोन पाटल्या सुटून घरी आल्या.

आता ती कर्जाचं विचारते तेव्हा मी तिला अडवत नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारची २०२० पासूनची योजना आहे. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची सोय ठेवली आहे. उद्यम नोंदणी तर मोफत होते. पण बँकेत जाताना हातात वर्षभराची वही हवी.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. एका मुलाला तूरडाळ पॅक करून स्वतःच्या नावाने विकायची होती. मी म्हटलं, आधी ५० किलो कर आणि रोखीने विक. त्याने तीन महिने केलं. मोठ्या गिरण्यांच्या भावापुढे टिकत नाही, हे त्याचं त्यालाच कळलं. धंदा बंद केला, डोक्यावर एक रुपयाचं कर्ज नाही. आज एका दालमिलमध्ये खरेदीचं काम शिकतो आहे. त्याची आई म्हणाली, "पोरगा हरला." मी म्हटलं, नाही हो वहिनी, पोरगा वाचला. थांबायला शिकवणं हेही मार्गदर्शनच आहे.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. आपल्या श्रावकाचाराने व्यापार वर्ज्य सांगितलेला नाही, पण कसा करावा हे सांगितलं आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान येतं, म्हणजे मापात खोट. प्रतिरूपक व्यवहार येतो, म्हणजे भेसळ. २०० ग्रॅमच्या पाकिटात १९० भरणारा स्वतःला हुशार समजतो, पण त्या क्षणी त्याच्या व्रताला दोष लागतो. पोरांना हे पाठशाळेत शिकवतात. तराजूपाशी उभं करून शिकवलं तर जास्त लक्षात राहतं.

आता थोडं आपल्याबद्दल, रागावू नका. या मुलामुलींचा धंदा बुडवणारी उधारी बहुतेक वेळा घरच्याच माणसांची असते. आपलीच पोरगी म्हणून दोन किलो पापड नेतो आणि "देऊ की, पळून का जातो" म्हणतो. ती बिचारी संकोचाने मागत नाही. त्या सुनेच्या वहीत पहिल्या वर्षी उधारी होती ४,३०० रुपये, आणि त्यातली निम्मीअधिक ओळखीच्या घरांतली! तेवढ्या पैशांत तिची पंचवीस किलोंची डाळ आणि बाकीचं सगळं सामान आलं असतं.

म्हणून माझी विनंती छोटीच आहे. ओळखीच्या लेकी-सुनेकडून माल घेतलात तर घासाघीस करू नका आणि पैसे त्याच वेळी द्या. माल आवडला नाही तर इतरांना सांगण्याआधी तिला सांगा. आणि तुमच्यापैकी जिला हिशोब येतो तिने आठवड्यातून एक दुपार मोकळी ठेवावी. शिकवायला फार काही लागत नाही. एक दोनशे पानी वही, एक पेन, आणि समोरची मुलगी आपला आकडा स्वतः लिहीपर्यंत गप्प बसायची तयारी.