कामाने घडलेला कान

निरोगी तरुण माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज टिपतो. ही देणगी बहुतेकांना सारखीच मिळते, पण ऐकू येणाऱ्या आवाजांतून नेमके काय वेचायचे हे ज्याचे त्याचे काम शिकवते.

कुंभार भाजून निघालेल्या मडक्यावर टिचकी मारतो. मडके खणखणीत वाजले तर ते पक्के. बद्द आवाज आला तर डोळ्यांना न दिसणारी चीर त्यात आहे, हे त्याला कळते. चिरेच्या कडा एकमेकींवर घासून कंपने लवकर विरतात, म्हणून नाद टिकत नाही. वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वेचे कामगार हातोडीने चाके ठोकून तडा शोधत, तेही याच तत्त्वावर.

मिरजेच्या तंबोऱ्याच्या कारागिरांचा कान याहून सूक्ष्म. जवारी काढताना, म्हणजे नाद जुळवताना, ते तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग जरा घासतात, तार छेडतात, पुन्हा घासतात. तार घोडीला अलगद स्पर्शत राहिली की स्वयंभू स्वर खुलतात. हात कुठे थांबवायचा, हे कानच सांगतो.

वैद्यकातही हेच घडले. व्हिएन्नात लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून रोग ओळखण्याची रीत १७६१ साली मांडली. १८१६ मध्ये पॅरिसच्या रेने लाएनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. हृदयाचे ‘लब-डब’ कोणालाही ऐकू येते, पण त्यामधली बारीक फुरफुर ओळखायला अनेक छात्या ऐकाव्या लागतात.

इचलकरंजी किंवा मालेगावच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये नवख्याला नुसता खडखडाट ऐकू येतो. मुरलेल्या कामगाराला आपल्या मागाची लय बिघडलेली लगेच जाणवते. एकसारख्या आवाजाकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो आणि त्यातला बदल टिपतो. याच सवयीचा धोका अतिदक्षता विभागात दिसतो. तिथे यंत्रांचे इशारे सतत वाजतात, त्यांतले अनेक निरर्थक असतात, त्यामुळे परिचारिकांचे लक्ष बोथट होऊन खरा इशाराही निसटू शकतो.

जे काम कान घडवते, तेच तो बिघडवूही शकते. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवरील ग्रंथात व्हेनिसच्या तांबटांना येणाऱ्या बहिरेपणाची नोंद केली. पुण्याच्या तांबट आळीतले मठारकाम, म्हणजे हातोडीने भांडी ठोकण्याचे काम, त्याच जातीचे. सततच्या गोंगाटाने अंतर्कर्णातल्या केसपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ऱ्हास बहुधा ४,००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होतो. पुढे ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने अस्पष्ट होतात आणि समोरच्याचे बोलणे ऐकू येऊनही कळत नाही.

भारतातील कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. ती कागदावर राहता कामा नये. कामगाराचा जाणता कान ही वर्षानुवर्षांची कमाई असते. ती राखण्यासाठी कर्णरक्षक देणे आणि नियमित श्रवणतपासणी करणे, हे प्रत्येक मालकाचे कर्तव्य आहे.